वनगुन्ह्यांच्या फायलींत एक उन्हाळा

मी छत्रपती संभाजीनगर जिल्ह्यातल्या कन्नडची. गौताळा अभयारण्य घराजवळच, तरी वन्यजीव कायदा कळला तो एलएलबीच्या सुट्टीत, तालुका कोर्टात. इंटर्नशिपसाठी ताडोबाच गाठायला हवं असं नाही. जायकवाडीचं पक्षी अभयारण्य, नायगावचं मयूर अभयारण्य, येडशीचं अभयारण्य हे सगळं आपल्याच मराठवाड्यात आहे.

अर्ज फेब्रुवारीतच द्या. कॉलेजचं पत्र जोडा, वनविभागात आवक शिक्क्याची पोच घ्या. वनखात्याचे खटले पाहणाऱ्या वकिलांनाही त्याच आठवड्यात भेटा. दोन्हीकडे बसलात तरच प्रकरण जंगलातून कोर्टापर्यंत कसं येतं ते दिसतं.

१९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याची नवी प्रत विकत घ्या. २०२२ ची दुरुस्ती १ एप्रिल २०२३ पासून लागू झाली आणि सहा अनुसूचींच्या, म्हणजे कायद्याला जोडलेल्या प्राणी-वनस्पतींच्या याद्यांच्या, चार झाल्या. रानडुक्कर तिसऱ्या अनुसूचीतून दुसऱ्या अनुसूचीत आलं. मी एका जुन्या प्रकरणाच्या टिपणात नवी अनुसूची लिहिली होती. मी ज्यांच्याकडे बसायचे त्या वकील सरांनी फक्त एवढंच विचारलं, "गुन्ह्याची तारीख बघितली का?" शिकार २०२१ ची होती, म्हणजे अनुसूचीही तेव्हाचीच. फाईल उघडली की आधी तारीख बघायची, ही सवय तिथे लागली.

मग पंचनामा. तो तीनदा वाचा. जागा, वेळ, वाघर (शिकारीचं जाळं) किंवा तारेचं वर्णन, मुद्देमालाचं सील, पंचांच्या सह्या. माझ्यासमोरच्या एका फाईलमध्ये जप्तीची वेळ आणि पंचाच्या जबाबातली वेळ जुळत नव्हती. घोरपड मेली ती मेलीच, पण आरोपीचा वकील तेवढ्यावरच उभा राहणार.

पोलिसांचं दोषारोपपत्र शोधत बसू नका. कलम ५५ प्रमाणे इथे अधिकृत अधिकाऱ्याच्या तक्रारीवर कोर्ट दखल घेतं. सामान्य माणसालाही साठ दिवसांची नोटीस देऊन तक्रार करता येते. सहायक वनसंरक्षकांनी कलम ५०(८) खाली घेतलेली साक्ष आरोपीसमोर घेतलेली असेल तरच खटल्यात ग्राह्य धरतात. म्हणून तिथे आरोपी हजर असल्याची नोंद आहे का, ते आधी पाहा.

वनरक्षकाबरोबर पाणवठ्यांवर पहाटेच जा. मे महिन्यात दहानंतर ऊन सोसत नाही.

आणि कोर्टाबाहेर बाकावर बसलेल्या शेतकऱ्याशी बोला. मक्यात डुकरं शिरली म्हणून वीज सोडलेली तार लावली, असं सांगणारे काका मला भेटले. नुकसानभरपाईचा अर्ज करता येतो, हे त्यांना कुणी सांगितलंच नव्हतं. त्या उन्हाळ्यात मी तसे चार अर्ज लिहून दिले.