मिलवॉकीत पार्टी बाइक करायचीय? मग आधी पाय मोजा

उन्हाळा आला की आमच्या शिकागोकडच्या ग्रुपवर हमखास कुणीतरी टाकतं, अरे ते सगळे मिळून पेडल मारत बिअर पितात ते करूया ना एकदा, आणि मग चाळीस अंगठे येतात आणि पुढे काहीच होत नाही. मी हे आतापर्यंत तीनदा जमवलंय, तिन्ही वेळा शेजारच्या विस्कॉन्सिन राज्यातल्या मिलवॉकीला, एकदा कॉलेजच्या मैत्रिणींबरोबर, एकदा नणंदेच्या पन्नाशीला आणि एकदा ऑफिस प्लस फॅमिली अशा मिक्स गर्दीबरोबर, त्यामुळे काय करायचं नि काय टाळायचं ते सगळं एका ठिकाणी लिहून ठेवतेय.

आधी ज्यांनी पार्टी बाइक बघितलेलीच नाही त्यांच्यासाठी. चार चाकांचा लांबट सांगाडा, वर छप्पर, मधोमध लाकडी बार काउंटर आणि त्याच्या दोन्ही बाजूंना सायकलच्या सीटा, तोंडं आतल्या बाजूला. पुढे कंपनीचा ड्रायव्हर बसतो, स्टिअरिंग आणि ब्रेक त्याच्या हातात, तो पीत नाही. गाडी ओढायची आपण. नेदरलँड्समध्ये १९९७ च्या सुमारास ही कल्पना निघाली, अमेरिकेत २००७ ला मिनिआपोलिसमध्ये पहिल्यांदा आली आणि तिथून सगळीकडे पसरली. वेग ताशी आठ-एक किलोमीटर, म्हणजे भरभर चालणाऱ्या माणसापेक्षा थोडाच जास्त, म्हणून तर आजूबाजूचं नीट बघून होतं.

आता सगळ्यात महत्त्वाचं. बहुतेक गाड्यांवर जागा असतात १५-१६ पण पेडल असतात फक्त १० सीटांना, पाच या बाजूला पाच त्या बाजूला, बाकीचे मागच्या बाकावर नाहीतर मध्ये उभे, त्यांचं काम फक्त बसणं. आपण काय करतो, १५ नावं गोळा झाली की खूश होतो. पहिल्या वेळी मी हेच केलं. १४ जण होतो, त्यात दोघींचे गुडघे दुखरे, एकीला पाचवा महिना (ती अर्थात पीत नव्हती), एक काका भारतातून आलेले सत्तरीचे, दोघं फोटो काढण्यात दंग, उरले आठ, आणि त्यातले दोन पहिल्या कॅननंतर पाय नुसते पेडलवर ठेवून गप्पा मारत होते. नुसती गाडीच टनाच्या आसपास, वर १४ माणसं, आणि सवय नसलेला माणूस बराच वेळ मारू शकेल असा जोर म्हणजे फार तर पाऊणशे-शंभर वॅट, त्यामुळे सपाट रस्त्यावर कसंबसं चाललं पण पुलाच्या चढावर सहा जणांच्या मांड्या पेटल्या. काही गाड्यांना आता मदतीला मोटर असते, तुमच्या गाडीला आहे का ते विचारून घ्या, पण तिच्या भरवशावर बसू नका. तेव्हापासून मी ग्रुपवर पहिला प्रश्न "कोण येणार" हा टाकतच नाही, "दोन तास पेडल कोण मारणार" हा टाकते, १० पक्के झाले की मगच बाकीच्या पाच जागा उघडते. आणि १० च्या वर दोन राखीव ठेवते, कारण शनिवारी सकाळी कुणाचं ना कुणाचं पोर तापाने फणफणतंच.

बाकावरच्या जागा मात्र कमी समजू नका. ज्यांना पेडल मारता येत नाही त्यांना घरी ठेवून जायचं नसतं, त्यांच्यासाठीच त्या जागा आहेत. आमचे ते सत्तरीचे काका मागे बसून दोन तास आल्यागेल्याला हात करत होते, रस्त्यावरची माणसंही ओरडून हात करत होती, भारतात परत गेल्यावर त्यांनी नायगारा कमी आणि ही गाडीच जास्त सांगितली सगळ्यांना. फक्त वयाचं आधी बघा. दारू चालते अशा फेऱ्यांना २१ च्या खालची मुलं बहुतेक ठिकाणी घेत नाहीत, आणि आयडी मागतात, अगदी पांढऱ्या केसांच्या माणसालाही मागतात, तेव्हा भारतातून आलेल्या आईबाबांचा पासपोर्ट बरोबर हवा, आधार कार्डावर काम होत नाही.

शिकागोतून निघून मिलवॉकीच का, तर दोन कारणं. एक म्हणजे ट्रेन. युनियन स्टेशनवरून हायवाथा पकडली की दीड तासात मिलवॉकी, उत्तरेच्या सबर्बवाल्यांना ग्लेनव्ह्यूला चढता येतं, म्हणजे परत येताना गाडी कोण चालवणार हा प्रश्नच मिटतो. हा नियम मी अगदी कडक ठेवलाय, कुणीही कार आणायची नाही. "मी एकच घेणार, मी चालवीन" असं म्हणणारा प्रत्येक ग्रुपमध्ये असतो आणि तो एकवर कधीच थांबत नाही. परतीची ट्रेन आधीच ठरवून तिकिटं काढून ठेवा, म्हणजे अजून एका बारमध्ये जाऊ असा आग्रह सुरू झाला की तिकीट दाखवता येतं.

दुसरं कारण म्हणजे कायदा सरळ लिहिलेला आहे. विस्कॉन्सिनमध्ये या गाड्यांसाठी वेगळा नियम आहे, गाडीवर माणशी ३६ औंसापर्यंत बिअर जवळ ठेवता येते, म्हणजे १२ औंसाचे तीन कॅन. व्हिस्की रम वगैरे गाडीवर नाही. काचेच्या बाटल्या तर आणूच नका, धक्का बसला की पहिली काच खाली आणि खाली सगळ्यांचे पाय फिरतायत. आमच्यातला एक जण जॅकेटमध्ये क्वार्टर लपवून आला होता, ड्रायव्हरने निघायच्या आधीच बघितली, पंधरा मिनिटं त्यातच गेली आणि तेवढी फेरी आमची कमी झाली, कारण पुढचं बुकिंग तयार होतं. बिअर तुम्ही आणायची की त्यांच्याकडूनच घ्यायची, किती, कुठल्या डब्यात, हे बुकिंग करतानाच विचारून घ्या आणि जसं उत्तर येईल तसं ग्रुपवर चिकटवा. आणि ही सूट फक्त त्या गाडीपुरती आहे हं, खाली उतरून फुटपाथवर कॅन घेऊन फिरायचं नाही.

न पिणाऱ्यांसाठी मिलवॉकीत मस्त सोय आहे ती म्हणजे स्प्रेचरची रूट बिअर. नावात बिअर आहे पण दारूचा थेंब नाही, मधाची चव असते, आणि ही कंपनी १९८५ साली इथल्याच वॉकर्स पॉइंटमध्ये सुरू झाली, म्हणजे ज्या भागातून आपली गाडी जाते तिथलीच. कॅनमधली घ्या. ती पिणाऱ्याच्या हातातही सगळ्यांसारखाच थंड कॅन असतो, कुणी "अरे तू काहीच नाही घेत" म्हणून मागे लागत नाही. आमच्याकडे अजूनही पुष्कळ जणांना, विशेषतः घरच्या मोठ्यांसमोर, हे नको असतं आणि त्यांना त्यावरून छळायचं नाही हे आयोजन करणाऱ्यानेच बघायला हवं.

आता दिवस कसा लावायचा ते सांगते. सकाळच्या ट्रेनने या. स्टेशनहून आधी मिशिगन तलावाकडे जा, आर्ट म्युझियम बघा, सँतियागो कलात्रावाने केलेला २००१ चा पांढरा भाग आहे, त्याच्यावर पक्ष्यासारखे पंख आहेत, पसरले की २१७ फूट रुंद, आणि म्युझियम उघडं असेल त्या दिवशी दुपारी १२ ला ते एकदा मिटून परत उघडतात. वारा फार असेल तर मात्र बंदच ठेवतात. तिथून चालत पब्लिक मार्केटला या, २००५ पासूनचं आहे, आणि इथे पोटभर जेवा. हे मी विनंती म्हणून सांगत नाहीये, जेवल्याशिवाय कुणाला गाडीवर चढू देऊ नका, उपाशीपोटी बिअर आणि वर पेडल म्हणजे अर्ध्या तासात चक्कर. शाकाहारी मंडळींना चीज कर्ड्स, म्हणजे चीजचे छोटे गोळे, मिळतात, ताजे असले की दाताखाली कुरकुर आवाज करतात. तलावाकडे जायला वेळ नसेल तर स्टेशनहून मार्केटपर्यंत सरळ सेंट पॉल रस्ता आहे, दहा-बारा मिनिटं, नाहीतर द हॉप नावाची ट्राम आहे तिला तिकीट लागत नाही.

बुकिंग दुपारी तीन-साडेतीनचं घ्या. शनिवारी संध्याकाळचे स्लॉट महाग आणि रस्त्यावर गर्दी, आणि अंधारात बघणार काय. एप्रिल ते ऑक्टोबर हा हंगाम. जूनच्या शेवटी-जुलैच्या सुरुवातीला समरफेस्ट हा मोठा संगीत महोत्सव असतो तेव्हा सगळं शहर भरलेलं असतं, ते वीकेंड टाळा. पूर्ण गाडी घ्यायची की सुट्या सीट्स, हा प्रश्न येतो, तर १० च्या वर असाल तर पूर्णच घ्या, अनोळखी माणसांबरोबर आपली गाणी लावता येत नाहीत. पैसे मात्र आधी गोळा करा. नंतर देतो म्हणणाऱ्याकडून मागत फिरायला मला जमत नाही, म्हणून पैसे आले तर नाव पक्कं असा सरळ हिशेब. वेव्हर, म्हणजे काही झालं तर जबाबदारी आपली असं लिहून देण्याचा फॉर्म, सगळ्यांनी आदल्या रात्री फोनवर सही करून टाका. ड्रायव्हरला टिप १५-२० टक्के, ती पण आधीच काढून पाकिटात ठेवा, कारण शेवटी कुणाकडेच कॅश नसते आणि त्या पोराने दोन तास आपला आरडाओरडा ऐकलेला असतो.

कपड्यांचं थोडक्यात. बंद बूट, हील्स नाही, ओढणी किंवा लांब घेर नाही कारण पायाशी पेडल फिरतायत. सीट सायकलचीच असते, तास झाला की टोचते, जाड कापडाची पँट बरी. उंची कमी असेल तर निघायच्या आधी पाय पूर्ण पोचतात का बघा, काही गाड्यांवर सीट खाली घेता येते. आणि जून असला तरी जॅकेट ठेवा, मिलवॉकीत तलावाजवळ एकदम गार होतं, वर छप्पर आहे पण बाजू उघड्या असतात.

आता साइटसीइंग. तोंड आत असल्यामुळे तुम्हाला तुमच्या पाठीमागचं काही दिसत नाही, समोरच्या माणसाच्या डोक्यावरून पलीकडची बाजू तेवढी दिसते. म्हणजे अर्धं शहर तुम्ही बघता आणि अर्धं समोरचे. म्हणून वाटेतल्या बारच्या पहिल्या थांब्यानंतर बाजू बदलायची, इकडचे पाच तिकडे. यामुळे पायांनाही बरं वाटतं आणि गप्पांच्या जोड्याही बदलतात. नणंदेच्या पन्नाशीला आम्ही एकीला गाइड केलं होतं, तिने आदल्या दिवशी थोडं वाचून ठेवलेलं, ती बाकावर बसून सांगत होती आणि बाकीचे पेडल मारत होते, ते इतकं छान झालं की आता मी दर वेळी कुणालातरी हे काम देते.

तिने सांगायचं काय, तर थर्ड वॉर्डमधून जाताना दिसतात त्या विटांच्या मोठ्या जुन्या वखारी. १८९२ च्या ऑक्टोबरमध्ये इथे भयंकर आग लागली, शेकडो घरं जळाली, बहुतेक आयरिश कामगारांची, ती वस्ती उठली आणि त्या जागेवर या वखारी आल्या, पुढे इटालियन लोक आले, आता वर लॉफ्ट आणि खाली दुकानं. शहरात काही ठिकाणी पिवळट विटा दिसतील, इथल्या मातीला तो रंग येतो, त्यावरूनच मिलवॉकीला क्रीम सिटी म्हणतात, मलईचा काही संबंध नाही. मग नदी ओलांडायची. इथले बरेच पूल बोटीसाठी उघडतात, मध्येच घंटा वाजली की थांबा, ती मोफत विश्रांती समजा. पुलाच्या आधी सगळ्यांना सांगून ठेवा की आता कॅन खाली आणि पाय चालू, चढावर दहाच्या दहा जणांचे पाय लागतात.

पलीकडे वॉकर्स पॉइंटला पोचलात की दक्षिणेला मोठा घड्याळाचा टॉवर दिसतो, चारी बाजूंना अष्टकोनी तबकड्या, प्रत्येक ४० फुटांची, आकडे नाहीत. १९६२ चं हे घड्याळ मक्केचं घड्याळ २०१० ला होईपर्यंत जगातलं सगळ्यात मोठं चार तोंडांचं होतं. तिकडे पोलिश वस्ती होती म्हणून रात्री उजळलेल्या त्या घड्याळाला लोक पोलिश मून म्हणतात. आणि बिअरचं तर काय, पॅब्स्ट, श्लिट्झ, ब्लॅट्झ, मिलर, हे सगळे याच शहरातले, जर्मन लोकांनी आणलेली विद्या. थांब्यांवर बारमध्ये प्रत्येक ठिकाणी वीसेक मिनिटंच मिळतात. गाडीवर टॉयलेट नसतं, त्यामुळे उतरल्या उतरल्या आधी तिथे रांग लावा, ऑर्डर नंतर. एक कॅन झाला की एक पाण्याची बाटली, हे मी सगळ्यांकडून करून घेते. खायला चिवडा आणि चकली झिपलॉकमध्ये, चिवडा फार उडतो खरं तर, चकली बेस्ट.

गाणी. स्पीकर असतो, ब्लूटूथने जोडता येतो, यादी आधी करून डाउनलोड करून ठेवा. पेडलला ठेका लागतो, कोळीगीतं आणि लावणी फार छान चालतात, ढोल-ताशा लावला तर लोक इतके जोरात मारतात की ड्रायव्हरला ब्रेक लावावा लागतो, आमच्याकडे झालंय. भावगीतं परतीच्या ट्रेनसाठी ठेवा. पण घरं असलेल्या गल्लीत आवाज कमी करायचा आणि किंचाळायचं नाही, हे अगदी मनापासून सांगते. ॲमस्टरडॅमच्या मध्यभागात या गाड्या नोव्हेंबर २०१७ पासून बंद झाल्या त्या गोंगाट, रस्त्यावर लघवी आणि ट्रॅफिक अडवणं यानेच, हजारो रहिवाशांनी सह्या केल्या होत्या. जर्मनीतही २०१२ ला तिथल्या सर्वोच्च प्रशासकीय कोर्टाने सांगितलं की ही साधी वाहतूक नाही, रस्त्यावर आणायला खास परवानगी लागेल. वॉकर्स पॉइंटमध्येही माणसं राहतात, कुणाचं तरी बाळ दुपारचं झोपलेलं असतं.

उतरल्यावर लगेच ट्रेन धरू नका, तासभर मध्ये ठेवा, नदीकाठच्या रिव्हरवॉकवर चाला, पाय मोकळे होतात आणि डोकंही. गाडीवर विसरलेल्या वस्तू बघून घ्या, त्या पहिल्या वेळी दोन गॉगल आणि एक पासपोर्ट राहिला होता, पासपोर्ट काकांचाच, ड्रायव्हर पळत स्टेशनपर्यंत आणून देऊन गेला. त्याला टिप आधीच दिलेली होती, तरी काकांनी खिशातून शंभराची भारतीय नोट काढून त्याच्या हातात ठेवली.