झाडं लावलेल्या टाकीत मीठ: किती घालायचं, कधी, आणि कुठे नाही

गोड्या पाण्याच्या टाकीत कायम थोडं मीठ असावं, हा सल्ला माशांच्या दुकानांत सर्रास मिळतो. टाकीत जिवंत झाडं असतील तर तो मानू नका. मीठ हे औषध आहे. आजार असेल तेव्हा, मोजून आणि शक्यतो वेगळ्या टबात द्यायचं.

कारण साधं आहे. गोड्या पाण्यातल्या माशाच्या रक्तात बाहेरच्या पाण्यापेक्षा क्षार कितीतरी जास्त असतात. त्यामुळे कल्ल्यांतून पाणी सतत आत शिरतं आणि क्षार बाहेर झिरपतात. मासा भरपूर लघवी करून आणि कल्ल्यांनी क्षार परत ओढून हा तोल सांभाळतो, आणि त्यात त्याची ताकद खर्च होते. आजारी माशाला पाण्यात थोडं मीठ मिळालं की हा खर्च कमी होतो. झाडांचं मात्र उलट होतं. खारट पाण्यात त्यांना पाणी ओढणं जड जातं, आणि सोडियम वाढलं की पोटॅशियम घेण्यात अडथळा येतो. लिटरला १ ग्रॅमच्या पुढे गेलात की काबोंबा, रोटाला, लुडविगिया यांची पानं काचेसारखी पारदर्शक होऊन गळू लागतात. व्हॅलिस्नेरिया, जावा फर्न आणि अनुबियास जास्त तग धरतात. नुकसान लगेच दिसत नाही, चार-आठ दिवसांनी दिसतं. म्हणून ‘घातलं, काही झालं नाही’ म्हणून आणखी घालू नका.

आधी टाकीतलं खरं पाणी मोजा. ६० × ३० × ३० सेंमीची टाकी कागदावर ५४ लिटरची असते. तळाला ५ सेंमी माती आणि वर ४ सेंमी मोकळी जागा सोडली तर पाणी २१ सेंमी उरतं, म्हणजे सुमारे ३८ लिटर. दगड-लाकूड असेल तर आणखी कमी. मीठ चमच्याने मोजू नका. बारीक आणि जाड्या मिठाचा चमचा वजनाला सारखा भरत नाही. स्वयंपाकघरातला डिजिटल काटा वापरा. साधं खडे मीठ उत्तम. आयोडीनयुक्त मीठ अडीअडचणीला चालतं, त्यातलं आयोडीन या मात्रेत माशाला बाधत नाही. काळं मीठ नको. एप्सम सॉल्ट (मॅग्नेशियम सल्फेट) हा वेगळाच क्षार आहे, त्याच्या जागी हे किंवा ह्याच्या जागी ते चालत नाही.

झाडांच्या टाकीत थेट मीठ घालायचं एकच पक्कं कारण आहे: नायट्राइट, म्हणजे माशांच्या घाणीतल्या अमोनियापासून जिवाणू बनवतात तो विषारी पदार्थ. नवी टाकी किंवा बंद पडलेला फिल्टर असला की ते वाढतं. मासे पृष्ठभागाशी येऊन धापा टाकतात, कल्ले तपकिरी दिसतात. नायट्राइट कल्ल्यांच्या ज्या वाटेने रक्तात शिरतं, त्याच वाटेने क्लोराइडही जातं. क्लोराइड भरपूर असलं की नायट्राइटला आत जायला जागा मिळत नाही. मिठात वजनाने सुमारे ६० टक्के क्लोराइड असतं, त्यामुळे लिटरला ०.२ ग्रॅम पुरतं. ३८ लिटरला ८ ग्रॅम. एवढ्याने झाडांना काही होत नाही. रोज पाणी बदलत राहा, आणि १२ लिटर बदललं तर नव्या पाण्यात अडीच ग्रॅमच घाला. अमोनियावर मात्र मिठाचा उपयोग नाही.

पांढऱ्या ठिपक्यांच्या रोगाला लिटरला २ ते ३ ग्रॅम लागतं, आणि ते झाडांच्या टाकीत चालणार नाही. शिवाय माशाच्या अंगावरचा ठिपका मिठाने मरत नाही. परजीवी तिथून सुटून तळाशी जातो, तिथे त्याची शेकडो पिल्लं होतात, आणि ती पोहत नवा मासा शोधतात तेव्हाच मीठ त्यांना गाठतं. म्हणून सगळेच मासे बाहेर काढा, फक्त ठिपकेवाले नव्हे.

२० लिटरचा टब, हीटर, एअर पंप आणि जुन्या फिल्टरचा स्पंज एवढं पुरतं. पाण्यात अँटी-क्लोरीन घाला, तापमान हळूहळू २८ अंशांवर न्या. २० ग्रॅम मीठ मगभर पाण्यात पूर्ण विरघळवून घाला. खडे तसेच टाकले तर तळाशी बसणाऱ्या माशाची कातडी भाजते. बारा-बारा तासांनी आणखी दोनदा तेवढंच, म्हणजे लिटरला ३ ग्रॅम होईल. गोल्डफिश, गप्पी, मॉली हे सहज सोसतात. कोरिडोरस, लोच आणि लहान टेट्रा यांच्यासाठी १ ग्रॅमवर थांबा आणि लक्ष ठेवा. रोज ५ लिटर पाणी बदला, नव्या पाण्यात त्याच हिशेबाने मीठ (३ ग्रॅमच्या टबात १५ ग्रॅम). शेवटचा ठिपका गेल्यावरही आठवडाभर चालू ठेवा. परत सोडण्याआधी चार दिवस रोज एक तृतीयांश पाणी बिनमिठाचं घाला: ३ वरून २, मग १.३, ०.९, ०.६.

तोवर झाडांची टाकी माशांविना राहू द्या. यजमान नसला की पोहणारी पिल्लं दोन-तीन दिवसांत मरतात. पाणी २६–२८ अंश असेल तर दोन आठवडे, थंडीत २० च्या आसपास असेल तर चार. फिल्टरचे जिवाणू उपाशी राहू नयेत म्हणून एक दिवसाआड चिमूटभर खाद्य टाका.

मिठाची वाफ होत नाही, हे विसरू नका. उन्हाळ्यात विदर्भात टाकीचं पाणी भराभर आटतं. भरताना साधंच पाणी घाला, नाहीतर मात्रा चढत जाईल. फिल्टरमध्ये झिओलाइट (अमोनिया शोषणारे खनिज खडे) असेल तर मीठ घालण्याआधी काढा. मिठाच्या पाण्यात ते धरून ठेवलेला अमोनिया परत सोडतं, आणि मासे त्यानेच मरतात.

कुणी आधीच भरपूर मीठ घातलं असेल, तर आरओसाठीचा टीडीएस मीटर (पाण्यात विरघळलेले क्षार मोजणारा) कामी येतो. नळाच्या पाण्याचा आकडा टाकीच्या आकड्यातून वजा करा. फरक १००० च्या जवळ असेल तर लिटरला साधारण १ ग्रॅम मीठ आहे. (खत घालत असाल तर त्याचाही वाटा त्यात येतो.) रोज एक चतुर्थांश पाणी बदलत तो आकडा खाली आणा, एकदम सगळं पाणी बदलू नका. कुजकी पानं बुंध्याशी कापा. क्रिप्टोकोरीन या झाडाची सगळी पानं गळली तरी मूळ उपटू नका. काही आठवड्यांत त्यातून नवी पालवी फुटते.