क्लोनच्या पोटात चालणारं आपलं अ‍ॅप ओळखताना या चुका टाळा

कोल्हापूरच्या राजारामपुरीत कुठल्याही मोबाईलच्या दुकानात जाऊन "एका फोनवर दोन खाती पाहिजेत" म्हटलं, की क्लोन अ‍ॅप (दुसऱ्या अ‍ॅपची जोडप्रत चालवणारं अ‍ॅप) टाकून मिळतं. हेतू वाईट नसतो. पण तेच क्लोन तुम्ही बनवलेलं पतसंस्थेचं किंवा दूध संस्थेचं अ‍ॅप पोटात घेऊन स्वतःच्या यूआयडीवर, म्हणजे अँड्रॉइडनं दिलेल्या ओळख क्रमांकावर, चालवतं. अँड्रॉइडच्या सँडबॉक्सची, म्हणजे एका अ‍ॅपला दुसऱ्यापासून वेगळं ठेवणारी, भिंत असते दोन यूआयडींच्या मधे. इथं ती उरतच नाही. फाइल्स, मेमरी, टाइप होणारा पिन, सगळं यजमानाला, म्हणजे त्या क्लोनला, उघडं. २०२३ मध्ये उघडकीस आलेल्या फ्योर्डफँटम मालवेअरने आग्नेय आशियात बँकांची अ‍ॅप्स याच वाटेनं गाठली.

पहिली चूक म्हणजे फोन रूट केलाय का (त्याच्या सिस्टिमवर पूर्ण ताबा मिळवलाय का) एवढंच तपासून निर्धास्त होणं. कंटेनरला, म्हणजे अशा क्लोनला, रूट लागतच नाही. तुमच्या एपीकेलाही (अ‍ॅपच्या फाइललाही) तो हात लावत नाही, त्यामुळे तिच्यावरची डिजिटल सहीसुद्धा बरोबर निघते.

दुसरी जास्त महागात पडते: पॅकेजचं (म्हणजे आपल्याच अ‍ॅपचं) नाव आणि सही अँड्रॉइडच्या पॅकेज मॅनेजरला विचारणं. हे कॉल बाइंडरवरून (अ‍ॅप आणि सिस्टिम यांच्यातल्या निरोपाच्या वाटेवरून) जातात आणि कंटेनर मधेच प्रॉक्सी, म्हणजे तोतया मध्यस्थ, बसवून हवं ते उत्तर देतो. घर कुणाचं हे पोटभाडेकरूनं मुख्य भाडेकरूलाच विचारावं, तसला प्रकार.

क्लोन अ‍ॅप्सच्या नावांची यादी ठेवणं हा तर निव्वळ टाइमपास. अँड्रॉइड ११ पासून आपल्या मॅनिफेस्टमध्ये (अ‍ॅपच्या माहितीच्या फाइलमध्ये) जाहीर न केलेली बहुतेक अ‍ॅप्स दिसतच नाहीत. यादी रिकामी येते आणि फोन स्वच्छ वाटतो.

उलट्या बाजूची चूकही होते. डेटा फोल्डरच्या पाथमध्ये यूजर ० (फोनचा मुख्य वापरकर्ता) नाही म्हणून अ‍ॅप बंद करू नका. शाओमीचं ड्युअल अ‍ॅप्स यूजर ९९९ वापरतं, वर्क प्रोफाइलचाही नंबर वेगळा असतो, आणि दोन्हीकडे सँडबॉक्स शाबूत असतो. अशा सभासदांना अडवलंत तर भावा, सोमवारी शाखेत रांग लागलीच! पाथमध्ये दुसऱ्याच अ‍ॅपचं पॅकेज दिसतंय का, आणि मॅनिफेस्टमध्ये न मागितलेली परवानगी मिळालीय का, ते बघा. अर्थात हे फक्त सुगावे. हुक करून, म्हणजे चालू कोडमध्ये मधेच घुसून, तेही लपवता येतात.

भरवसा ठेवावा तो 'की अटेस्टेशन'वर, म्हणजे फोनमधल्या गुप्त किल्लीला मिळणाऱ्या हार्डवेअरच्या दाखल्यावर. सुरक्षित हार्डवेअरच्या सहीच्या प्रमाणपत्रात, ती किल्ली मागणाऱ्या यूआयडीचं पॅकेज आणि सहीचा डायजेस्ट (ठसा) असतो. कंटेनरमध्ये तिथं यजमानाचं नाव येतं. ते नाव मात्र अँड्रॉइड सिस्टिम पुरवते, म्हणून बूटलोडर (फोनची सिस्टिम सुरू करणारा प्रोग्रॅम) लॉक आहे का हे त्याच प्रमाणपत्रात बघायचं. चॅलेंज (प्रमाणपत्रात उमटणारा पडताळणीचा आकडा) दर वेळी नवं, सर्व्हरनं दिलेलं. प्रमाणपत्रांची साखळी गुगलच्या मूळ (रूट) प्रमाणपत्रापर्यंत तपासायची तीही सर्व्हरवर. प्ले इंटिग्रिटीचा (अ‍ॅप आणि फोन अस्सल आहेत का हे सांगणाऱ्या गुगलच्या सेवेचा) निकालही तिथंच. "कंटेनर आहे का?" याचा निर्णय अ‍ॅपमधल्या एका 'इफ' अटीवर सोडलात, तर एक हुक लावून उत्तर कायमचं 'नाही' होतं.

आणि हे सगळं पिनचा स्क्रीन उघडण्याआधी करा. नंतर अडवून उपयोग नाही. पिन तोवर यजमानाकडे पोचलेला असतो.