शेअरच्या भावाचं पान कसं वाचावं? सुरुवात मोठ्या आकड्यापासून नको

बडोद्याच्या दांडिया बाजारातल्या आमच्या वाड्यात वरच्या मजल्यावर राहणारे काका परवा मोबाइल हातात घेऊन जिना उतरले. "अरे, बँक ऑफ बडोदाचा शेअर हजाराच्या घरात होता तेव्हा विकला नाही. आता बघ, अडीचशे! पाऊण पैसे बुडाले की रे."

मी त्यांना त्याच पानावरचा एक बारीक आकडा दाखवला : दर्शनी मूल्य, म्हणजे शेअरची कागदोपत्री मूळ किंमत, २ रुपये. २०१५ च्या आधी ते १० होतं. त्या वर्षी बँकेने एका शेअरचे पाच केले. म्हणजे काकांच्या शंभराचे पाचशे झाले, आणि जुन्या भावाशी तुलना करायची तर अडीचशेला पाचाने गुणायला हवं. साडेबाराशे! जास्तीचे चारशे शेअर त्यांनी इतकी वर्षं बोनस समजून हिशेबातून सोडून दिले होते.

मग त्यांना अख्खं पान वाचून दाखवलं, ते असं. उदाहरण याच बँकेचं, १९०८ साली आपल्या मांडवीत सुरू झालेल्या. नफा आणि लाभांश २०२४-२५ चे आहेत; भाव रोज हलतो, म्हणून हिशेबापुरता २५० धरला आहे.

आधी नाव, दर्शनी मूल्य आणि वेळ बघा. एनएसई आणि बीएसई या दोन शेअर बाजारांवरचे भाव थोड्या पैशांनी वेगळे असतात, त्यात घोटाळा नाही. सौदे सकाळी ९.१५ ते दुपारी ३.३० चालतात. काही फुकट साइटवर भाव थोडा उशिरा येतो, तेव्हा भावाखालची वेळ वाचल्याशिवाय पुढे जाऊ नका.

आता हिरवा-लाल. हा रंग कालच्या बंद भावाशी तुलना करून येतो, आजच्या उघडलेल्या भावाशी नाही. काल २५० ला बंद झालेला शेअर आज २५६ ला उघडून २५२ वर घसरला, तरी पान हिरवंच. सकाळी घेणाऱ्याचे मात्र चार रुपये गेलेले असतात. म्हणून मागील बंद, आजचा उघडता, उच्चांक, नीचांक हे चारही आकडे एकत्र वाचावेत. आणखी एक गोम : बंद भाव म्हणजे शेवटचा सौदा नव्हे. एनएसईवर तो वर्षानुवर्षं शेवटच्या अर्ध्या तासातल्या सौद्यांच्या सरासरीवरून ठरत आला आहे.

खाली दोन रकाने असतात, घेणाऱ्यांच्या बोलीचा आणि विकणाऱ्यांच्या. मोठ्या बँकेत दोन्हींत काही पैशांचंच अंतर असतं. एखाद्या छोट्या कंपनीत ते दोन-तीन रुपये दिसलं, तर 'मार्केट' ऑर्डर, म्हणजे मिळेल त्या भावाची, टाकू नका. आपला भाव लिहून 'लिमिट' टाका. उलाढालीच्या आकड्याशेजारी डिलिव्हरीची टक्केवारी मिळाली तर तीही बघा. सकाळी घेऊन दुपारी विकणारे किती आणि घरी नेणारे किती, ते त्यातून कळतं.

बाजारमूल्य सोपं आहे. सुमारे ५१७ कोटी शेअर गुणिले २५०, म्हणजे साधारण १ लाख २९ हजार कोटी. यातला जवळपास ६४ टक्के वाटा भारत सरकारचा.

खरं रेंगाळायचं ते पी/ई वर, म्हणजे भाव भागिले शेअरमागचा नफा. बँकेचा निव्वळ नफा १९,५८१ कोटी. त्याला ५१७ कोटींनी भागलं की शेअरमागे सुमारे ३८ रुपये, हा ईपीएस. २५० ला ३८ ने भागा : ६.६. वर्षाला एक रुपया नफा मिळवणाऱ्या मालमत्तेसाठी तुम्ही साडेसहा रुपये मोजताय. "म्हणजे स्वस्त!" काका म्हणालेच. थांबा. सरकारी बँकेचा पी/ई दुसऱ्या सरकारी बँकेशीच ताडून बघायचा, अलेम्बिकसारख्या औषध कंपनीशी नाही. शिवाय बँकेच्या बाबतीत मी तरी पुस्तकी मूल्य (देणी वजा जाता शेअरमागे उरणारी मालमत्ता) आणि भाव यांचं गुणोत्तर आधी बघतो, कारण बुडीत कर्जांच्या तरतुदीने एका वर्षाचा नफा सहज वरखाली होतो. दोन साइटवर पी/ई वेगळा दिसला, तर बहुधा एकीने उपकंपन्यांसह नफा धरलेला असतो, दुसरीने एकट्या बँकेचा.

शेवटी लाभांश. शेअरमागे ८.३५ रुपये, म्हणजेच ४१७.५ टक्के! काकांचे डोळे विस्फारले. पण ही टक्केवारी २ रुपये दर्शनी मूल्यावरची. तुमच्या २५० रुपयांवर परतावा सव्वातीन टक्क्यांच्या थोडा वर, आणि पानावर 'डिव्हिडंड यील्ड' म्हणून दिसतो तो हाच. लाभांश हवा तर एक्स-डेटच्या (ज्या दिवसापासून शेअर घेणाऱ्याला तो लाभांश मिळत नाही, त्या तारखेच्या) आदल्या सौद्याच्या दिवसापर्यंत शेअर घेतलेला हवा. एक्स-डेटला भाव साधारण लाभांशाइतका खाली उघडतो.

त्या दिवशीचा लाल रंग बघून काकांनी पुन्हा जिना उतरू नये, म्हणून पुढची तारीख जाहीर झाली की कालनिर्णयवर लिहून ठेवा, असं त्यांना सांगितलंय.