एक पापणी उचलली की दुसरी का पडते? टोसिसच्या शस्त्रक्रियेआधी आणि नंतर या चुका टाळा

उजवी पापणी पडली होती (यालाच टोसिस म्हणतात) म्हणून शस्त्रक्रिया केली. ती नीट उचलली गेली, पण महिन्याभरात डावी खाली आल्यासारखी दिसू लागली. अशा वेळी पेशंट घाबरतो आणि घरचे डॉक्टरांना दोष देतात. अनेकदा शस्त्रक्रिया अगदी व्यवस्थित झालेली असते. डावी पापणीही आधीपासून थोडी सैल असते, फक्त ते दिसत नसतं.

वरची पापणी उचलणाऱ्या स्नायूला लेव्हेटर म्हणतात. दोन्ही बाजूंच्या लेव्हेटरना मेंदूतल्या एकाच केंद्रातून सारख्याच जोराचा संदेश जातो. एकोणिसाव्या शतकात एवाल्ड हेरिंग या जर्मन शास्त्रज्ञाने दोन्ही डोळ्यांच्या हालचालींबद्दल जो नियम मांडला, तोच पापण्यांनाही लागू पडतो. उजवी पापणी पडली की ती उचलायला मेंदू जोर वाढवतो आणि तो वाढीव जोर डावीलाही मिळतो. उजवी दुरुस्त झाली की जास्तीच्या जोराची गरज संपते आणि डावी तिच्या खऱ्या जागी येते.

म्हणून सगळ्यात मोठी चूक म्हणजे फक्त पडलेल्या पापणीची तपासणी करून घेणं. शस्त्रक्रियेची तारीख घेण्याआधी डॉक्टरांना सरळ विचारा, ‘ही पापणी उचलल्यावर दुसरीचं काय होईल?’ तपासणी साधी असते. डॉक्टर पडलेली पापणी बोटाने उचलून धरतात आणि दुसरी खाली येते का ते पाहतात. काही वेळा पडलेल्या बाजूच्या डोळ्यात फिनाइलएफ्रिनचा थेंब घालतात. त्याने पापणीतला छोटा म्युलर स्नायू आकसतो, पापणी थोडा वेळ वर जाते आणि दुसरीचं वागणं दिसतं. हा थेंब घरी वापरून पाहू नका. रक्तदाब किंवा काचबिंदूचा धोका असणाऱ्यांना तो त्रासदायक ठरू शकतो. या चाचण्या शंभर टक्के खात्री देत नाहीत, हेही आधीच समजून घ्या. तरीही दुसरी पापणी स्पष्ट खाली येत असेल, तर दोन्ही बाजूंची शस्त्रक्रिया एकत्र करायची का, ही चर्चा तेव्हाच व्हायला हवी. पडलेली पापणी पेशंटच्या प्रमुख डोळ्याची, म्हणजे पाहताना मेंदू ज्यावर जास्त भर देतो त्या डोळ्याची असेल, तर दुसरी खाली येण्याची शक्यता जास्त असते.

काहीजण उलट समजतात. पडलेली पापणी ठीक आणि दुसरा डोळाच ‘मोठा झालाय’ असं त्यांना वाटतं. थायरॉइडमुळेही डोळा मोठा दिसू शकतो, म्हणून निदान डॉक्टरांवर सोडा. लग्नातले किंवा ओळखपत्रावरचे जुने फोटो मात्र जरूर घेऊन जा. कोणती पापणी कधीपासून बदलली, हे त्यावरून पटकन कळतं. तपासणीच्या वेळी भुवया ताणून धरू नका. कपाळाचा जोर लावून पापणी उचलायची सवय लागलेली असते आणि त्यात खरी पातळी लपते.

पापणी सकाळी बरी आणि संध्याकाळी जास्त पडत असेल, किंवा कधी या तर कधी त्या बाजूची पडत असेल, तर ते नक्की सांगा. मायस्थेनिया ग्रॅव्हिस या स्नायू लवकर थकण्याच्या आजारात असं होतं आणि तिथे आधी औषधोपचार लागतात.

शस्त्रक्रियेनंतर पहिल्याच आठवड्यात आरशासमोर दोन्ही डोळे मोजत बसू नका. सूज उतरून पातळी स्थिरावायला काही आठवडे जातात. दुसऱ्या पापणीचा निर्णय साधारण दोन-तीन महिन्यांनी घेणं शहाणपणाचं. मात्र शस्त्रक्रिया झालेला डोळा झोपेत उघडा राहून खुपत असेल, तर त्याच दिवशी डॉक्टरांना कळवा, नाहीतर बुबुळावर जखम होऊ शकते. दिसणं अचानक कमी झालं किंवा डोळ्यात जोराचा ठणका लागला, तर रात्र असली तरी दवाखाना गाठा.

पापणी अचानक पडली, सोबत एकाचे दोन दिसू लागले, बाहुली मोठी झाली किंवा डोकं प्रचंड दुखायला लागलं, तर शस्त्रक्रियेचा विचार बाजूला ठेवून ताबडतोब मोठ्या रुग्णालयात जा. मेंदूतल्या रक्तवाहिनीला आलेल्या फुग्याचं ते लक्षण असू शकतं.