हजेरीपट आडवा वाचा

महिनाअखेरीस प्रत्येक नावापुढची ओळ आडवी वाचा. 20 दिवसांत 2 खाडे म्हणजे 10 टक्के. आता त्या मुलाच्या घरी जाऊन भेटायची वेळ झाली. वर्गाच्या सरासरीवर विसंबू नका, 90 टक्क्यांतही चार पोरांचे खाडे झाकले जातात. वारही बघा. दर आठवडी बाजारालाच खाडा असेल, तर बहुधा धाकटं भावंड सांभाळायला घरी कुणी नसतं.

ऊसतोडीला जाणाऱ्या घरांची यादी दसऱ्याआधीच करा. टोळी ट्रकमध्ये बसल्यावर काय बोलणार? मूल आजीकडे राहणार असेल तर हंगामी वसतिगृहात (आईबाप ऊसतोडीला असेपर्यंत गावातच मुलांच्या जेवणाखाण्याची सोय) नाव घाला, जाणारच असेल तर शिक्षण हमी कार्ड, म्हणजे तिथल्या शाळेत दाखवून प्रवेश घ्यायचं कार्ड, हातात द्या.

उशिरा आलेल्याला दाराबाहेर उभं करू नका, उद्या तो येणारच नाही. एसटीच उशिरा येत असेल तर आठवडाभराच्या वेळा लिहून आगारप्रमुखांना पत्र द्या.