पोरीकडं अमेरिकेला जायचंय? मग व्हिसाच्या तारखेचं गणित आधी मांडा

आमच्या भागातल्या, म्हणजे चोपडा, यावल, रावेर, पार शिरपूरपर्यंतच्या ओळखीच्या लोकांचे मला फोन येत असतात आणि प्रश्न बहुतेक वेळा एकच असतो, "भाऊ, पोरगी अमेरिकेत आहे, सातवा महिना लागला, आम्हा दोघांचा व्हिसा किती दिवसात होईल?" पासपोर्टसुद्धा अजून काढलेला नसतो. मला फार वाईट वाटतं अशा वेळी, कारण त्या माउलीचं मन तिकडं लागलेलं असतं, डिंकाचे लाडू कधी वळायचे इथपर्यंत तिचं ठरलेलं असतं, आणि मी तिला सांगणार काय तर इंटरव्ह्यूची तारीख बाळ रांगायला लागल्यावरची मिळतेय. म्हणून हे सगळं एकदा नीट लिहून ठेवतोय, ज्याला लागेल त्याने घरी मोठ्याने वाचून दाखवा.

आधी हे समजून घ्या की यात कागदं गोळा करायला वेळ जात नाही, वेळ जातो रांगेत. अमेरिकेच्या टुरिस्ट व्हिसाला, ज्याला बी१/बी२ म्हणतात, डीएस-१६० नावाचा ऑनलाइन फॉर्म भरायचा, मग माणशी १८५ डॉलर फी भरायची (आपल्या रुपयात, त्यांच्या रेटने), आणि मग दोन अपॉइंटमेंट घ्यायच्या, एक बोटांचे ठसे आणि फोटोची, दुसरी कॉन्सुलेटमध्ये, म्हणजे अमेरिकेच्या वकिलातीत, इंटरव्ह्यूची. फॉर्म दोन दिवसात होतो. इंटरव्ह्यूची तारीख मात्र कधी दोन-तीन महिन्यांत मिळते, कधी वर्षभराने. २०२२ च्या शेवटी शेवटी तर मुंबईच्या कॉन्सुलेटला पहिल्यांदाच व्हिसा काढणाऱ्यांसाठी वेटिंगचा आकडा ९०० दिवसांच्या पुढे गेला होता, कोरोनात बंद पडलेलं काम साचलं होतं म्हणून. तेव्हापासून तो बराच खाली आलाय पण वरखाली होत राहतो, त्यामुळे शेजारच्या काकांना गेल्या वर्षी किती दिवस लागले यावर अजिबात जाऊ नका. अमेरिकेच्या परराष्ट्र खात्याच्या वेबसाइटवर, ट्रॅव्हल डॉट स्टेट डॉट गव्हवर, प्रत्येक शहराचा वेटिंगचा अंदाज टाकलेला असतो. मुंबई, दिल्ली, चेन्नई, हैदराबाद, कोलकाता पाचही बघा, वहीत तारीख घालून लिहा, महिन्याभराने परत बघा. आकडा वाढतोय का कमी होतोय ते कळलं तरी अर्धं काम झालं.

आता गणित उलटं मांडायचं, जायच्या तारखेपासून मागे मागे येत. समजा पोरीची डिलिव्हरी फेब्रुवारीत आहे आणि तुम्हाला जानेवारीच्या सुरुवातीला पोचायचंय. इंटरव्ह्यूनंतर पासपोर्ट हातात यायला आठवडा-दोन आठवडे धरा, आणि कधी कधी ते जास्तीची तपासणी लावतात, २२१-जी म्हणतात त्याला, त्याचा काही भरवसा नसतो, म्हणून महिना सोडा. म्हणजे इंटरव्ह्यू नोव्हेंबरच्या शेवटापर्यंत व्हायला पाहिजे. त्यातून वेटिंगचे महिने वजा करा. सहा महिने वेटिंग असेल तर मे महिन्यातच, आखाजी (अक्षय्य तृतीया) झाली की लगेच, फी भरून तारीख घेतलेली पाहिजे. आणि मे मध्ये तर पोरीने गोड बातमीपण दिलेली नसते!

इथेच लोक अडकतात. म्हणून माझं अगदी मनापासून सांगणं आहे की पोरगा-पोरगी तिकडं नोकरीला लागली, नीट स्थिरावली, की आईवडिलांचा व्हिसा काढायला घ्या, बाळंतपणाची, बारशाची वाट बघू नका. आपल्याकडच्या लोकांना हा व्हिसा साधारणपणे १० वर्षांचा मिळतो, आत्ता काढला तर पुढे केव्हाही जाता येतं. पोरांना भेटायला जायचंय हे कारण खरंच आहे, त्यात काही लपवायचं नाही, आणि बाळंतपणासाठी जात असाल आणि विचारलं तर तेही सरळ सांगायचं.

"अर्जंट करून मिळतं ना पण?" हे सगळे विचारतात. इमर्जन्सी अपॉइंटमेंट असते, खरी आहे, पण ती जवळच्या नातेवाईकाचा मृत्यू, गंभीर आजारपण, उपचार अशा गोष्टींसाठी. आणि त्यांच्या वेबसाइटवर स्पष्ट लिहिलेलं आहे की लग्न, पदवीदान समारंभ, गरोदर नातेवाईकाच्या मदतीला जाणं, ऐनवेळी ठरलेली ट्रिप, हे इमर्जन्सीत बसत नाही. म्हणजे आपल्या लोकांची जी दोन-तीन मोठी कारणं, तीच सगळी बाहेर. आणि खरोखर इमर्जन्सी असली तरी आधी फी भरून साधी तारीख घ्यावी लागते, मगच लवकरची मागता येते.

पासपोर्ट नसेल तर तिथून सुरुवात करा. जळगावला पोस्टातलं पासपोर्ट सेवा केंद्र आहे, मुंबई-नाशिकला धावायची गरज नाही. पण नावं आणि जन्मतारखा तपासा भो, हे मी हात जोडून सांगतो. आपल्याकडं जुन्या लोकांपैकी कितीतरी जणांची जन्मतारीख १ जून आहे, शाळेत घालताना गुरुजींनी टाकलेली, आणि आधारवर तिसरीच काहीतरी. बायकांचं माहेरचं नाव एका कागदावर, सासरचं दुसऱ्यावर. आणि पासपोर्टवर आडनावाचा रकाना रिकामा राहिला तर पुढे तिकीट, व्हिसा सगळीकडे घोळ. हे दुरुस्त करण्यात महिने जातात, आणि ते महिने वर मांडलेल्या गणितात कुठेच धरलेले नसतात.

तारीख घेताना दूरची दिसली म्हणून सोडू नका, जी मिळेल ती आधी घ्या आणि मग अलीकडे आणायचा प्रयत्न करा. पण इथं एक मोठी गोष्ट आहे, १ जानेवारी २०२५ पासून भारतात तारीख फुकटात एकदाच बदलता येते. दुसऱ्यांदा बदलायची म्हटलं किंवा गेलाच नाहीत तर फी परत भरायची. म्हणून चार दिवस अलीकडची दिसली की लगेच बदलली असं करू नका, तो एक चान्स चांगली दोन-तीन महिने आधीची तारीख दिसेल तेव्हाच वापरा. लोक रद्द करतात तशा मधल्या तारखा सुटतात, त्याची काही ठरलेली वेळ नाही, सकाळ-संध्याकाळ एकदा बघा, सारखं सारखं लॉगिन केलं तर अकाउंट काही काळ लॉक होतं. भरलेली फी परत मिळत नाही आणि ३६५ दिवसांच्या आत अपॉइंटमेंट बुक करावी लागते, हेही लक्षात असू द्या.

आणि मुंबईच कशाला धरून बसायचं? भारतातल्या माणसाला पाचपैकी कुठलंही शहर चालतं. आपल्याला भुसावळ जंक्शन आहे, तिथून मुंबईला, दिल्लीला, कोलकात्याला थेट गाड्या आहेत. दिल्लीची तारीख तीन महिने आधी मिळत असेल तर एका रात्रीचा प्रवास काहीच नाही. पूर्वी काही लोक दुबई-बँकॉकला जाऊन इंटरव्ह्यू देऊन यायचे, ते आता विसरा, सप्टेंबर २०२५ पासून आपण जिथले नागरिक किंवा रहिवासी आहोत त्याच देशात अर्ज करायचा असा नियम आलाय.

एजंटचं काय ते सांगतो, कारण आमच्या घरात झालंय. आमच्या आप्पांचा आणि आईचा फॉर्म एका एजंटने भरला होता, त्यात चूक सापडली म्हणून त्याने नवीन डीएस-१६० भरला, पण अपॉइंटमेंटवर जुन्याच फॉर्मचा नंबर राहिला, आणि ते आम्हाला कोणी बोललंच नाही. रात्रीच्या गाडीने दोघं मुंबईला गेले, सकाळी ठशांच्या सेंटरवर रांगेत उभे राहिले, खिडकीवरच्या बाईने दोन्ही कागद शेजारी ठेवले, बोट लावून दाखवलं, हा नंबर आणि हा नंबर वेगळा आहे. परत पाठवलं. आप्पा फोनवर काही बोलले नाहीत, फक्त "येतो घरी" म्हणाले, आणि आईने डब्यात नेलेल्या कळण्याच्या भाकरी तशाच परत आल्या. तेव्हापासून मी सगळ्यांना सांगतो, अपॉइंटमेंटच्या कागदावरचा नंबर, जो एए ने सुरू होतो तो, आणि फॉर्मच्या कन्फर्मेशनवरचा नंबर, दोन्ही एकाखाली एक ठेवून एकेक अक्षर जुळवा. घरातून निघायच्या दिवशी नाही, आठ-दहा दिवस आधी.

एजंट करायचा तर करा, पण अकाउंटचा ईमेल आणि पासवर्ड आपला पाहिजे. "लवकरची तारीख काढून देतो, इतके हजार द्या" म्हणणाऱ्याच्या नादी लागू नका. मार्च २०२५ मध्ये अमेरिकन दूतावासाने बॉट (आपोआप तारखा पकडणारा कॉम्प्युटर प्रोग्राम) लावून घेतलेल्या सुमारे २,००० अपॉइंटमेंट एका झटक्यात रद्द केल्या आणि ती अकाउंट सस्पेंड केली. त्यात ज्यांचे पैसे गेले त्यांना विचारा.

शेती करणाऱ्यांसाठी एक सांगायचं राहतं, बोटांचे ठसे. कापूस वेचून बोटं चिरलेली असतात, केळीच्या चिकाने काळी पडलेली असतात, मशीन ठसा घेतच नाही, चार-चार वेळा पुसून परत ठेवावं लागतं. ठशांच्या तारखेआधी पंधरा दिवस जमेल तितकं हातमोजे घालून काम करा नाहीतर वेचणीला दुसरं माणूस लावा, रात्री झोपताना खोबरेल तेल किंवा ग्लिसरीन चोळा. आमच्या आईने तेच केलं आणि दुसऱ्या खेपेला पहिल्याच झटक्यात ठसे आले. फोटोत चष्मा चालत नाही तेही ध्यानात ठेवा.

मुंबईला दोन दिवस धरा. पहिल्या दिवशी ठसे, दुसऱ्या दिवशी बीकेसीत (वांद्रे-कुर्ला कॉम्प्लेक्स) कॉन्सुलेट. दोन्ही तारखा लागोपाठच्या मिळाल्या तर एकच मुक्काम होतो, नाहीतर दोन खेपा. मोबाइल आत नेता येत नाही, म्हणून सोबत घरचं कोणीतरी बाहेर थांबणारं न्या आणि भेटायची जागा आधीच ठरवा, नाहीतर बाहेर आल्यावर म्हातारी माणसं गोंधळतात.

मुंबईला इंटरव्ह्यू मराठीत देता येतो, तसं आधीच निवडा, लाजू नका. तो फार तर तीन-चार मिनिटांचा असतो. कोणाकडे जाताय, किती दिवस, खर्च कोण करतंय, इथे काय करता, मागे कोण आहे, एवढंच. आपले लोक सातबारा, आठ-अ, सीएचं व्हॅल्युएशन सर्टिफिकेट, सोन्याच्या पावत्या अशी दोन किलोची फाइल नेतात आणि ऑफिसर बहुतेक वेळा ती उघडतसुद्धा नाही. न्यायची तर न्या, पण तयारी बोलण्याची करा. "आमची बारा एकर केळी आहे, मोठा मुलगा बघतो, एप्रिलमध्ये परत यायचंय कारण लहान पोराचं लग्न आहे" हे साध्या आवाजात खरं खरं सांगितलं की ते त्या फाइलपेक्षा जास्त कामाचं. पोराने पाठ करून घेतलेली उत्तरं देऊ नका, फॉर्ममध्ये जे लिहिलंय तेच बोलण्यात आलं पाहिजे, म्हणून फॉर्म आईवडिलांना मराठीत समजावून सांगा. नाहीच मिळाला तर परत अर्ज करता येतो, फी मात्र नवीन आणि रांगही नवीन.

आणि तिकीट? पासपोर्ट हातात आल्याशिवाय काढू नका. स्वस्त मिळतंय म्हणून आधी काढलेली तिकिटं रद्द करताना मी लोकांना रडताना पाहिलंय.

युरोप करायचा असेल तर गणित वेगळं आहे. शेंगेन व्हिसाला (युरोपातल्या बऱ्याच देशांना मिळून चालणारा एकच व्हिसा) सहसा ऑफिसरसमोर इंटरव्ह्यू नसतो, पण सेंटरवर ठसे द्यायची अपॉइंटमेंट लागते आणि एप्रिल-मे च्या सुट्ट्यांसाठी तीच मिळत नाही. अर्ज जायच्या ६ महिने आधीपासून १५ दिवस आधीपर्यंत करता येतो, निकाल साधारण १५ दिवसात, कधी ४५ दिवस, फी मोठ्यांना ९० युरो, आणि ३०,००० युरोचा मेडिकल इन्शुरन्स लागतोच. मे महिन्यात जायचं असेल तर दिवाळीच्या फराळासोबतच अपॉइंटमेंट शोधायला बसा. ज्या देशात जास्त दिवस राहणार त्याच देशाकडे अर्ज करायचा, फक्त तारीख लवकर मिळते म्हणून भलत्याच देशाकडे करू नका. यूकेला मात्र जायच्या ३ महिन्यांपेक्षा आधी अर्जच करता येत नाही, आणि ठसे दिल्यावर साधारण ३ आठवडे लागतात.

अमेरिकेचा व्हिसा मिळाला की त्यावरची संपायची तारीख मोबाइलमध्ये आणि घरच्या कॅलेंडरच्या मागेही लिहून ठेवा. संपल्यापासून १२ महिन्यांच्या आत रिन्यूला टाकला तर बऱ्याच जणांना इंटरव्ह्यूशिवाय होतो, ते उलटून गेलं की परत सगळं पहिल्यापासून. मधेच पासपोर्ट संपला तरी जुन्या पासपोर्टवरचा व्हिसा चालतो, दोन्ही सोबत न्यायचे, म्हणून जुना पासपोर्ट ट्रंकेत कुठे ठेवलाय ते घरात दोघांना तरी माहीत असू द्या.